मालक बदलला, पिंजरा बदलला. बादली कुणाच्या हातात आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यात मुलीला घेऊन तुम्ही मुंबईला राणीच्या बागेत गेलात. काचेपलीकडचे पेंग्विन बघून ती खूश झाली, आणि पुढे एका पिंजऱ्यासमोर थांबून तिनं विचारलं, "बाबा, हे घरी कधी जातात?" कोल्हापुरात परतल्यावर घरात नांदणीच्या मठातून जामनगरला नेलेल्या माधुरी हत्तिणीवरून पुन्हा वाजलं. वडील म्हणतात, हत्तीण आपली, परत आलीच पाहिजे. बायको म्हणते, आहे तिथं बरी आहे. तुम्हाला जाणून घ्यायचंय की लोकांची मतं बदलली म्हणून प्राणीसंग्रहालयं आणि मत्स्यालयं खरंच बदलतात की नुसती पाटी बदलते, मालक बदलला की प्राण्यांचं काय होतं, आणि कोल्हापुरात असं काही उभं राहावं का.

मी पशुवैद्य. नोकरीची एकतीस वर्षं प्राणीसंग्रहालयांत आणि एका बचाव केंद्रात गेली. आता निवृत्त होऊन साठमारीपासून चालत पाच मिनिटांवर राहतो. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

बदलतात. पण बदल एका ठरलेल्या क्रमानं होतो. लोकांना दिसतं ते आधी बदलतं: कमान, तिकीट, काच, फलक, बॅटरीवरची गाडी. लोकांना दिसत नाही ते शेवटी बदलतं, कधी कधी बदलतच नाही: रात्रीची खोली, खाद्याचं कंत्राट, कीपरचा, म्हणजे प्राणी सांभाळणाऱ्या माणसाचा पगार. आणि प्राण्याचं आयुष्य जवळजवळ सगळं या न दिसणाऱ्या भागात जातं.

सुरुवात आपल्या गावापासून करतो, कारण लोकांचं मत किती फिरतं हे बघायला कोल्हापूरसारखी जागा नाही. ज्या साठमारीच्या शेजारी मी राहतो, तिथं हत्तीला डिवचून माणसं त्याच्यापुढं पळायची आणि दगडी बुरुजांच्या आड लपायची. लोक तो खेळ बघायला गर्दी करायचे. शाहू महाराजांच्या आणि पुढं राजाराम महाराजांच्या काळात इथं आफ्रिकेतून आणलेले चित्ते होते. चित्तेवान त्यांच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्यांना गाडीवर बसवून माळावर न्यायचे आणि काळविटावर सोडायचे. आज गावात कुणी असं करायचं म्हटलं तर संध्याकाळपर्यंत त्याच्यावर गुन्हा दाखल होईल, आणि तक्रार देणारा याच पेठेतला असेल. दाजीपूरचं जंगल संस्थानाची शिकारीची राखीव जागा होतं. १९५८ मध्ये तेच गव्यांचं अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. जंगल तेच, गवे तेच; फक्त मालकही बदलला आणि बघणाऱ्याची नजरही. आमची पिढी नव्या राजवाड्याच्या आवारातली हरणं बघत वाढली आणि आत गेल्यावर पेंढा भरलेले प्राणीही त्याच कौतुकानं बघितले. त्यात काही विसंगती आहे असं तेव्हा आमच्या डोक्यातही आलं नाही.

सर्कसचंही तसंच. तो तर आपल्या भागाचा धंदा. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली, म्हैसाळची देवल सर्कस गाजली. १९९८ च्या अधिसूचनेनं वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडांचे खेळ बंद झाले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी कायम ठेवली. पेपरात बातमी आली, लोकांना बरं वाटलं, विषय संपला. आमच्यासाठी मात्र तिथून सुरू झाला, कारण सर्कशीतले शेकडो सिंह-वाघ कुठं तरी ठेवायचे होते. बंगळुरूजवळ बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम, जयपूर इथं बचाव केंद्रं उभी राहिली. त्यातले बरेच सिंह आशियाई आणि आफ्रिकी रक्ताच्या मिश्रणाचे होते. त्यांची पैदास करायची नाही असं धोरण ठरलं, म्हणून नसबंदी करून त्यांना म्हातारे होऊ द्यायचं. मी स्वतः अशा सिंहांच्या शस्त्रक्रिया केल्यात. पाठीवर जुने वळ, सुळे कापलेले, आणि टाळी वाजली की स्टुलावर चढायच्या तयारीत उभा राहणारा प्राणी. पुढची दहा-बारा वर्षं त्याला रोज मांस घालायचं होतं, आणि त्या पैशासाठी कुणी मोर्चा काढत नाही. लोकांचं मत बदलायला एखादं वर्ष पुरतं, पण त्या मताचा खर्च प्राणी मरेपर्यंत चालू राहतो.

आता कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीनं त्यात प्राणीसंग्रहालयांचं प्रकरण आलं आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. त्याची मान्यता नसेल तर झू चालवता येत नाही. पूर्वी नगरपालिकेची बाग म्हणजे चार पिंजरे, एक मगर आणि एक चिडलेलं माकड असा प्रकार असायचा. अशा कितीतरी जागा या प्राधिकरणामुळं बंद झाल्या. आठवड्यातून किमान एक दिवस लोकांना बंद ठेवायची सक्ती याच नियमांतली. तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचा मुद्दा असा, की मान्यताप्राप्त झूमधला वन्यप्राणी म्हणजे दुकानातला माल नाही. तो एका मान्यताप्राप्त ठिकाणाहून दुसऱ्या मान्यताप्राप्त ठिकाणीच जातो, तोही प्राधिकरणाच्या परवानगीनं आणि बहुतेक वेळा अदलाबदलीत. त्यामुळं आपल्याकडं "मालक बदलला" याचा खरा अर्थ "चालवणारा बदलला" असा असतो.

संस्थानी बागांचं हेच झालं. बडोद्याची सयाजीबाग १८७९ ची, आज महापालिकेकडं आहे. म्हैसूरचं झू १८९२ मध्ये वाडियार महाराजांनी उभं केलं, स्वातंत्र्यानंतर ते सरकारकडं आलं आणि १९७९ मध्ये कर्नाटकनं त्यासाठी वेगळं प्राधिकरणच नेमलं. म्हैसूर आज देशातल्या चांगल्या झूंमध्ये गणलं जातं. त्याचं एक कारण साधं आहे: गेटवर जमा झालेला पैसा बागेतच राहतो. तोच पैसा महापालिकेच्या सामान्य खात्यात गेला की परत येताना त्याला सात टेबलं ओलांडावी लागतात, आणि तोवर हरणाच्या खुराचं दुखणं वर पायात गेलेलं असतं.

पुण्याचं पेशवे पार्क १९५३ चं, भर शहरात. शहर वाढलं, गोंगाट वाढला, लोक विचारू लागले की वाघ असा का ठेवलाय. १९९९ मध्ये कात्रजचं उद्यान सुरू झालं, २००५ पर्यंत जुनी बाग रिकामी झाली. शहरातल्या पिंजऱ्यांतून बाहेरच्या मोकळ्या खंदकवाल्या आवारात, ही वाट बहुतेक ठिकाणी हीच. अशा एका स्थलांतरात मी होतो. गाव सांगत नाही.

चौदा वर्षांची वाघीण होती. आम्ही सहा आठवडे क्रेटचा सराव दिला. म्हणजे वाहतुकीची पेटी पिंजऱ्याला जोडून ठेवायची, मांस रोज थोडं थोडं आत सरकवायचं, शेवटी ती आपल्या पायानं आत जाऊन बसते, बेशुद्ध करावं लागत नाही. सगळं नीट झालं. रात्री हलवली, सकाळी नव्या आवारात सोडली. पाण्याचं कुंड, झाडं, जुन्या जागेच्या वीसपट जमीन. फोटो निघाले, पदाधिकारी आले, पेढे वाटले.

वाघीण भिंतीलगतच्या झुडपात जाऊन बसली ती चार दिवस उठली नाही. खाल्लं नाही. संध्याकाळी नाईट शेल्टरमध्ये यायला तयार नाही. रक्त तपासलं, काही नाही. ताप नाही. मला नोटीस यायच्या बेतात होती. मग आमच्यातला एक जुना शिपाई म्हणाला, "डॉक्टर, हिचा माणूस कुठाय?"

तिचा माणूस, म्हणजे अकरा वर्षं तिला खायला घालणारा कीपर, जुन्या जागेवरच राहिला होता. त्याची आस्थापना उद्यान विभागाची आणि नव्या जागी कंत्राटी माणसं नेमलेली. तो तिथं गुलाबाच्या वाफ्यांना पाणी घालत होता. मी स्कूटरवरून जाऊन त्याला आणला. येताना त्यानं आपली जुनी पत्र्याची बादली घेतली. तिचा कान तुटलेला, तारेनं बांधलेला, त्यामुळं चालताना ती एका विशिष्ट तऱ्हेनं खडखडायची. स्लायडिंग गेटपाशी जाऊन त्यानं बादली दोनदा लोखंडावर आपटली आणि मागं सरून उभा राहिला. काही बोललाही नाही. पाच मिनिटांत वाघीण आत.

नव्या आवाराच्या आराखड्यात कुंडाची खोली होती, खंदकाची रुंदी होती, भिंतीची उंची होती. त्या बादलीला कुठं रकाना नव्हता. म्हणून कुणी मला "मालक बदलला तर प्राण्याचं काय होईल" असं विचारलं की मी उलट एवढंच विचारतो: कीपर त्याच्याबरोबर जाणार आहे का?

खासगी चालक वाईट आणि सरकारी चांगला असं मात्र समजू नका. दोन्ही जवळून बघितलेत. एका ठिकाणी व्यवस्थापन खासगी हातात गेलं. पहिल्या महिन्यात रंगरंगोटी, नवी तिकीट मशीन. दुसऱ्या महिन्यात म्हशीच्या मांसाचा ठेकेदार बदलला. आधी सकाळी आठला ताजं यायचं; आता अकराला, बर्फात गोठलेलं. दहा किलोची थैली निथळत ठेवली तर काट्यावर साडेआठ भरायची, त्यातही हाड किती ते विचारू नका. मोठा वाघ दिवसाला आठ-दहा किलो खातो, आठवड्यातला एक दिवस उपास. हा दीड किलोचा फरक लोकांना बाहेरून दिसत नाही, तीन महिन्यांनी कंबरेच्या हाडावर दिसतो. त्याच चालकानं मात्र मी मागितलेलं एक्स-रे मशीन अठरा दिवसांत आणून दिलं. आधीच्या सरकारी कारभारात तीच फाईल आठ महिने फिरत होती आणि तेवढ्यात माझा एक तरस पाय सडून गेला. सांगा, कुणाला नावं ठेवू?

मांसाच्या साखळीकडं लक्ष द्या हे मी प्रत्येक नव्या व्यवस्थापकाला कंटाळा येईपर्यंत सांगायचो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले, तेव्हा सगळ्यांनाच अचानक स्वयंपाकघर आठवलं.

परदेशात मालकी खरोखर विकली जाते, म्हणून तिकडची उदाहरणं जास्त बोलकी आहेत. कॉर्की नावाची ओर्का, म्हणजे काळा-पांढरा मोठा डॉल्फिनच, १९६९ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर पकडली. कॅलिफोर्नियातल्या एका मत्स्य-उद्यानात ती होती. ते उद्यान एका पुस्तक प्रकाशन कंपनीनं विकत घेतलं, लगेच बंद केलं, आणि १९८७ च्या जानेवारीत तिला आपल्याच मालकीच्या सॅन दिएगोच्या सीवर्ल्डमध्ये नेलं. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या कंपनीकडं ओर्का! १९८९ मध्ये सीवर्ल्ड बिअर बनवणाऱ्या कंपनीनं घेतलं. २००९ मध्ये ते ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीकडं गेलं, २०१३ मध्ये शेअर बाजारात आलं. टाकीत पोहणाऱ्या ओर्काला यातलं काय कळणार!

पण बाजारात आलं त्याच वर्षी खेळ उलटला. २०१० मध्ये तिलिकम नावाच्या ओर्कानं ऑर्लँडोत आपल्या प्रशिक्षिकेचा जीव घेतला होता. त्यावरचा माहितीपट २०१३ मध्ये आला आणि लोक बिथरले. गायकांनी कार्यक्रम रद्द केले, तिकीट घटलं, शेअर आपटला. २०१६ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की ओर्कांची पैदास थांबवतो, ही शेवटची पिढी. माझ्या मते कंपनी शेअर बाजारात नसती तर हे इतक्या लवकर झालं नसतं. पुष्कळ लोक बाजाराला दोष देतात. इथं बाजारानंच मुस्काटात मारली. तिलिकमची मागची गोष्टही मालकीचीच आहे. १९९१ मध्ये कॅनडातल्या एका छोट्या उद्यानात त्याच्या टाकीत पडलेल्या मुलीचा जीव गेला, मग ते उद्यान बंद पडलं आणि तो सीवर्ल्डला विकला गेला. धोका त्याच्याबरोबर गेला, टाकी फक्त मोठी झाली.

कॅनडानं २०१९ मध्ये कायदाच केला, देवमासे-डॉल्फिन बंदिस्त ठेवायचे नाहीत म्हणून. उत्तम. पण जे आधीच होते त्यांचं काय? ओंटारिओतलं मरीनलँड लोकांसाठी बंद झालं आणि तीस बेलुगा, म्हणजे पांढरे देवमासे, आतच राहिले. त्यांना चीनला पाठवायची परवानगी सरकारनं २०२५ मध्ये नाकारली. तेव्हा विकता येत नव्हते, समुद्रात सोडता येत नव्हते, ठेवायला पैसे नव्हते. ब्यूनस आयर्सनं २०१६ मध्ये शंभरावर वर्षांचं झू बंद करून खासगी चालकाकडून परत घेतलं. टाळ्या पडल्या, पण प्राणी हलवायला वर्षं लागली. तिथली मारा हत्तीण ब्राझीलच्या अभयारण्यात पोचली २०२० मध्ये. बंद करणं ही घोषणा एका दिवसाची. कुणी "सगळी झू बंद करा" म्हणालं की मी त्याला प्राण्यांची यादी मागतो, वयासकट.

लोकमताचा एक वाईट परिणामही सांगतो, तो कुणी लिहीत नाही. हल्ली कुणीही हडकुळ्या सिंहाचा व्हिडिओ टाकतो, रात्रीत लाखभर लोक बघतात, सकाळी वरून फोन येतो. सिंह एकोणीस वर्षांचा असतो, दात गेलेले, मूत्रपिंडं थकलेली. माझ्या आजोबांसारखा तोही हडकणारच. हे लोकांना समजावण्याऐवजी व्यवस्थापन सोपा मार्ग काढतं: म्हातारे, लंगडे, एक डोळा गेलेले प्राणी मागच्या पिंजऱ्यात, जिथं ऊन नीट येत नाही. समोर फक्त तरणेबांड. लोकांच्या कळवळ्यामुळं प्राण्याची उन्हाची जागा गेली, असं मी दोनदा तरी बघितलंय. चांगल्या ठिकाणी उलट करतात: पिंजऱ्यासमोर फलक लावतात, याचं वय इतकं, याला संधिवात आहे, अमुक औषध चालू आहे. असा फलक दिसला की समजा, आत कुणीतरी शहाणा डॉक्टर आहे आणि त्याचा वरिष्ठ त्याचं ऐकतो.

राणीच्या बागेचे पेंग्विन हा लोकमताचा आणखी एक नमुना. २०१६ मध्ये सोलहून आठ हंबोल्ट पेंग्विन आणले, ऑक्टोबरात एक मेला, मुंबईभर आरडाओरडा झाला. मग तिकीट पाच रुपयांवरून पन्नास केलं, त्यावर पुन्हा ओरडा. आणि आत रांग मात्र हटेना. हे पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नव्हेत. पण विजेवर चालणाऱ्या थंडाव्याशिवाय मुंबईच्या घामात त्यांचं जमणं कठीण. मला स्वतःला ते आणायला नको होते असं वाटतं. पण आल्यावर त्या कक्षाची देखभाल नीट होते, हेही खरं, आणि तुमच्या मुलीला तो प्रश्न तिथंच सुचला.

आता माधुरी. जपून लिहितो, एक तर मी तिला तपासलेलं नाही, आणि दुसरं म्हणजे मला याच गावात राहायचंय.

आधी सुंदर आठवा. २००७ मध्ये जोतिबाला दिलेला हत्ती. साखळदंडात ठेवल्याच्या, मारहाणीच्या तक्रारी झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये तो बन्नेरघट्ट्याला गेला. तेव्हा आपल्याकडं एवढा उठाव झाला नाही. माधुरीच्या वेळी मात्र सगळा जिल्हा पेटला. १९९२ पासून ती नांदणीच्या मठात. न्यायालयासमोरच्या अहवालांत पायांचे आजार, संधिवात, सतत डोकं झुलवणं हे सगळं होतं. १६ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं तिला जामनगरच्या वनतारात, म्हणजे अंबानींच्या प्राणी बचाव केंद्रात, हलवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं, आणि महिनाअखेरीस ती गेली. निरोपाला रडणारी गावं, नांदणी ते कोल्हापूर मूक पदयात्रा, दोन लाखांवर सह्या, अंबानींच्या जिओतून दुसरीकडं पोर्ट केलेली सिमकार्डं. शेवटी वनतारानंच नांदणीत पुनर्वसन केंद्र उभारायला मदत करण्याची तयारी दाखवली.

तुमचे वडील आणि बायको दोघंही बरोबर आहेत असं गुळमुळीत मी म्हणणार नाही. हत्तीच्या पायाबद्दल बोलतो, त्यावरून काय ते ठरवा. हत्ती उभ्या उभ्या तीन-चार टन तोलतो. तळव्याखाली चरबीची गादी असते. मऊ माती, चिखल, चढउतार असेल तर ती गादी पसरते, आकसते, रक्त फिरतं, नखं आपोआप झिजतात. काँक्रीटवर आणि लघवीच्या ओलीत उभं ठेवलं की नख वाढतं, चिरतं, चिरेत घाण जाते, आत पू होतो. मी एका देवस्थानच्या हत्तिणीचं असं नख उघडलंय. आधी कोमट पाण्यात पाय भिजवायचा, मग वाकड्या सुरीनं थर थर काढायचा. आतून जो वास आला, त्यानं माहूत तोंड फिरवून उभा राहिला आणि रडला. त्याचा तिच्यावर जीव होता, यात तिळमात्र शंका नाही. वीस वर्षं तो तिच्या पायाशी झोपला होता, पण तिला काँक्रीटवरून उतरवायला त्याच्याकडं जागा नव्हती. नुसत्या मायेवर नख बरं होत नाही. आणि तोच माहूत काढून घेऊन तिला सोन्याच्या मैदानात नेलं असतं, तर वाघिणीसारखी तीही उपाशी बसली असती.

म्हणून "कुणाची हत्तीण" हा प्रश्न मला बिनकामाचा वाटतो. कागदावर हत्ती हा असा वन्यप्राणी आहे ज्याचं मालकी प्रमाणपत्र माणसाच्या नावावर असू शकतं. २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम त्याच्या हस्तांतराबद्दल आहेत. तो कागद वकिलांवर सोडा. तुम्ही विचारा: पायाखाली माती आहे का? दिवसात किती तास साखळी सुटते? शेजारी दुसरी हत्तीण आहे का? जुना माहूत बरोबर आहे का? आणि पुढची वीस वर्षं खर्च कोण करणार, ते लिहून दिलंय का? नांदणीत जे केंद्र उभं राहील त्याला हेच विचारा आणि जामनगरलाही हेच. वनताराकडं आज पैसा आहे, जागा आहे, डॉक्टर आहेत. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या पथकानं चौकशी केली आणि त्यांना दोष दिला नाही. माझी शंका वेगळी आहे. इतके प्राणी एका घराण्याच्या इच्छेवर अवलंबून असणं हे संस्थानी काळासारखंच आहे. राजाला हौस होती तोवर चित्ते होते.

मत्स्यालयाचं लवकर उरकतो. माशासाठी कुणी रडत नाही, त्यामुळं तिथं लोकमताचा दाब कमी. डॉल्फिनचा अपवाद. चेन्नईजवळ १९९८ मध्ये आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले; २०१३ च्या मे महिन्यात केंद्रानं डॉल्फिनच्या खेळांना मनाई केली आणि आपल्याकडं किनाऱ्यावर जे मनसुबे चालले होते ते तिथंच बसले. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं. २०१५ मध्ये त्याचं नूतनीकरण होऊन काचेचा बोगदा वगैरे आला, आणि २०२० पासून ते बंद आहे. मॉलमधल्या मत्स्यालयांचं तर मालकापेक्षा भाडेकरार ठरवतो. नवा चालक येतो, त्याला दिवाळीच्या सुट्टीत उद्घाटन हवं असतं. पण नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतात. तेवढा धीर नसतो, मासे सोडतात, पंधरवड्यात निम्मे तरंगतात, आणि रात्रीतून नवे आणून टाकतात. तुमच्या मुलीला कळणारही नाही की मंगळवारचा पिवळा मासा आणि शुक्रवारचा पिवळा मासा वेगळे.

मग कोल्हापुरात काय? सिंह-जिराफाचं झू नको, हे माझं स्पष्ट मत. महापालिकेला रस्ते झेपत नाहीत, वाघाचा दवाखाना काय झेपणार! शिवाय गवा बघायचा तर दाजीपूर दोन-अडीच तासांवर आहे. कमी आहे ती जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करायची ऐसपैस जागा. आपल्याकडं गवे वस्तीत येतात, उसात बिबटे सापडतात, पंचगंगेत मगरी आहेत, संक्रांतीला मांज्यात घारी-घुबडं अडकतात. पुण्यात कोथरूडला डिसेंबर २०२० मध्ये शिरलेला गवा माणसांच्या पळापळीत दमून मेला. त्या दिवशी मी टीव्हीसमोर शिव्या देत बसलो होतो. अशी पाळी इथं आली तर पिंजरा, डार्टची बंदूक, भूल देणारा डॉक्टर आणि नंतर ठेवायला शांत जागा, हे हाताशी हवं. तिथं तिकीट लावून लोकांना आत सोडायचं नाही. मुलांसाठी बाजूला एक खोली करा, घुबडाचं पीस आणि गव्याची कवटी हातात घेऊ द्या.

मत्स्यालय करायचंच असेल तर गोड्या पाण्याचं करा. समुद्र घाटापलीकडं, खारं पाणी ट्रकनं आणायचा किंवा बनवायचा खटाटोप कशाला? मरळ, वाम, घाटातल्या ओढ्यांतले बोटभर मासे, एवढं पुरे. शेजारी एक टाकी मोकळी ठेवा आणि दर उन्हाळ्यात पंचगंगेत मासे मरून वर येतात त्या दिवसाचं पाणी तिच्यात भरून ठेवा. असल्या मत्स्यालयाला कुणी प्रायोजक मिळणार नाही, हे मला माहीत आहे.

मुलीचा प्रश्न राहिला. पुढच्या वेळी तिला घेऊन जाल तेव्हा कात्रजला जा किंवा पुन्हा राणीच्या बागेत. दोन्हीकडं बुधवारी सुट्टी असते, तो वार टाळा. सकाळी जाऊ नका. दुपारी चारनंतर जा, आणि पेंग्विन सोडून वाघाच्या नाहीतर अस्वलाच्या आवाराशी थांबा. बंद व्हायच्या सुमारास मागच्या बाजूनं कीपर येतो. गर्दी कमी झालेली असते, तेव्हा लोखंडाचा आवाज ऐकू येतो. प्राणी कान टवकारून उठतो का, स्वतःहून आत जातो का, की त्याला ओरडून हाकलावं लागतं, ते दोघं मिळून बघा. घरी कधी जातात, ते तिला तिथंच दिसेल. आणि कीपर मोकळा दिसला तर त्याला विचारा, या प्राण्याबरोबर किती वर्षं आहात. "मागच्या महिन्यात आलो, कंत्राटावर आहे" असं म्हणाला तर मला कळवा, कुठलं ठिकाण ते.